मोठ्या दिवसाला आपल्याकडे सण का नाही?

21 जून, म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवस, जवळ आला की इंदुरातून उज्जैनला जाणाऱ्यांची थोडी गर्दी होते. शाळांच्या सहली असतात, हौशी आकाशनिरीक्षक असतात आणि हल्ली मोबाइल उंच धरून उभे राहणारेही पुष्कळ असतात. कुणी वेधशाळेत थांबतो, कुणी महिदपूरच्या बाजूला डोंगला गावापर्यंत जातो. भर दुपारी सावली नाहीशी झालेली पाहायची, एवढाच कार्यक्रम. तिळगूळ नाही, नैवेद्य नाही, ओवाळणीही नाही. सूर्य दक्षिणेकडून वळतो तेव्हा आपण संक्रांतीचा एवढा थाट करतो, मग तोच सूर्य उत्तरेच्या टोकाहून वळतो त्या दिवसाच्या वाट्याला काहीच का येऊ नये?

पंचांग उघडले की याचे पहिले कारण सापडते. जुन्या कल्पनेप्रमाणे उत्तरायण हा देवांचा दिवस आणि दक्षिणायन ही देवांची रात्र. भीष्मांनी शरपंजरी पडून वाट पाहिली ती उत्तरायणाची. रात्र सुरू होते म्हणून कुणी गुढी उभारत नाही. आषाढी एकादशीला देव झोपतात, चातुर्मास लागतो, लग्नमुंजी थांबतात. म्हणजे दक्षिणायनाची दखल आपण घेतो, पण व्रतवैकल्यांनी, जल्लोषाने नव्हे.

दुसरे कारण पावसाचे, आणि मला ते जास्त पटते. माळव्यात पाऊस येतो तो साधारण याच दिवसांत. 7 जूनच्या सुमारास सूर्य मृगात जातो, 21-22 जूनला आर्द्रात. कोणत्या नक्षत्राचे वाहन कोणते, बेडूक की म्हैस की कोल्हा, हे पाहून पावसाचा अंदाज बांधणारी माणसे आजही भेटतात. पेरणी तोंडावर आलेली, बियाणे घरात येऊन पडलेले आणि सगळ्यांचे डोळे ढगांकडे. अशा वेळी दिवस किती मिनिटांनी मोठा झाला याचे कौतुक कोण करणार? इंदुरात हा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आतबाहेर. फरक पावणेतीन तासांचा. मे महिनाभर होरपळलेल्या माणसाला आणखी उन्हाचे अप्रूप नसतेच.

युरोपच्या उत्तरेत नेमके उलटे. तिथे हिवाळ्यातला दिवस काही तासांतच संपतो, म्हणून जूनमधला लांबच लांब प्रकाश ही पर्वणी ठरते. ख्रिस्ती परंपरेने 24 जूनला सेंट जॉनचा दिवस ठेवला आणि त्याच्या आदल्या रात्री होळ्या पेटवायची रीत अनेक देशांत टिकून राहिली. स्वीडनमध्ये लोक पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती नाचतात. 1953 पासून तो सण त्या सुमाराच्या शुक्रवार-शनिवारवर आणून ठेवला आहे, सुट्टी जोडून मिळावी म्हणून. इंग्लंडात स्टोनहेंजच्या शिळांपाशी सूर्योदय पाहायला हजारो लोक जमतात. 1985 मध्ये तिकडे निघालेले यात्रेकरू आणि पोलीस यांच्यात वाटेत मोठी चकमक झाली, त्यानंतर कित्येक वर्षे त्या दिवशी प्रवेश बंद होता. 2000 पासून तो पुन्हा सुरू झाला. फ्रान्सने 1982 मध्ये 21 जून हा रस्त्यारस्त्यांवर गाण्या-वाजवण्याचा दिवस केला, तो आता जगभर पसरला आहे.

आपल्याकडे या दिवसाचे नाते सणापेक्षा गणिताशी राहिले, आणि त्या गणिताचे एक मोठे केंद्र इंदुराहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. जुन्या सिद्धान्तकारांनी, म्हणजे ज्योतिर्गणिताचे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी, मध्यरेषा (रेखांश मोजण्याची मूळ रेषा) धरली ती लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी. अवंतीच्या, म्हणजे उज्जैनकडच्या, वराहमिहिर या ज्योतिषाचार्याने आपल्या बृहत्संहिता ग्रंथात नोंदवले आहे की पूर्वी दक्षिणायन आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर सुरू होई, आता ते कर्क राशीच्या आरंभी होते. सूर्य जिथून वळतो ती जागा ताऱ्यांच्या संदर्भात सरकते, ही गोष्ट त्याने दीड हजार वर्षांपूर्वी टिपून ठेवली. हे सरकणे साधारण 72 वर्षांत एक अंश इतके मंद आहे. त्यामुळेच मकरसंक्रांत आज जानेवारीच्या मध्यावर येते आणि खरे उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच लागून जाते. कर्कसंक्रांतही अशीच जुलैच्या मध्यावर जाऊन बसली आहे.

यावर एकोणिसाव्या शतकात मराठी माणसे कडाडून भांडली. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले सायन पंचांगाचे खंदे पुरस्कर्ते होते. सण आकाशातल्या प्रत्यक्ष अयनांना, म्हणजे सूर्याच्या खऱ्या वळण्याला, धरून करावेत, असे त्यांचे म्हणणे. जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या साथीने शके 1806 (इ.स. 1884) पासून सायन पंचांग निघू लागले. तर्क बिनतोड होता, पण लोकांनी संक्रांत काही हलवली नाही. पुढे 1957 मध्ये सरकारने जे राष्ट्रीय पंचांग स्वीकारले त्यात मात्र महिने ऋतूंशी बांधले आहेत. त्या हिशेबाने 1 आषाढ म्हणजे नेहमी 22 जून, मोठ्या दिवसाचा अगदी दुसरा दिवस. आकाशवाणीवर ही ‘भारतीय सौर’ तारीख सांगितली जाते. घरात ती कुणी वापरत असेल असे वाटत नाही.

उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, माळव्याचा सुभेदार असताना बांधली. नंतर ती पडझडीला आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये तिची डागडुजी करवली आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या ज्योतिर्गणितज्ञाच्या हाती ती आली. आज जीवाजी वेधशाळा म्हणतात ती हीच. तिथल्या शंकुयंत्राच्या गोल ओट्यावर सात रेषा आखल्या आहेत आणि मधल्या शंकूच्या, म्हणजे उभ्या खुंटाच्या, सावलीवरून सूर्य वर्षभराच्या फेऱ्यात कुठे आहे ते कळते.

उज्जैन बरोबर कर्कवृत्तावर, म्हणजे या दिवशी सूर्य जिथे भर दुपारी थेट डोक्यावर येतो त्या रेषेवर, आहे, असे सर्रास सांगतात. ते खरे नाही. कर्कवृत्त शहराच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवरून जाते. पूर्वी ते नेमके इथूनच जात असे, ही सारवासारवही चालत नाही, कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल हळूहळू कमी होतो आहे आणि कर्कवृत्त दरवर्षी चौदा-पंधरा मीटर दक्षिणेकडे येते आहे. वराहमिहिराच्या काळी ते उज्जैनपासून आणखी लांब होते. डोंगला मात्र जवळजवळ त्या रेषेवरच आहे. भीमबेटकाची चित्रे उजेडात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी ती जागा हेरली, आता तिथे वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा आहे.

21 जूनला सार्वजनिक उत्सवाचे रूप आले ते अगदी अलीकडे. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2014 मध्ये भारताचा ठराव मान्य केला आणि 2015 पासून हा योग दिन झाला. तारीख निवडताना मोठ्या दिवसाचा दाखला दिला गेला होता. आता सकाळी मैदानावर सूर्यनमस्कार घालणाऱ्यांपैकी किती जण दुपारी सावली पाहायला थांबतात, तो भाग निराळा.

इंदुरात ही सावली गच्चीवरही पाहता येते, फक्त ती नाहीशी होत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडे सूर्य त्या दिवशी डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. दुपारी 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमारास मीटरभर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली तर तिची सव्वा सेंटीमीटर सावली पडते, तीही दक्षिणेला. एरवी वर्षभर ती उत्तरेला पडते, म्हणून हे पाहण्यासारखे. बिनसावलीची दुपार इंदुरात वर्षातून दोनदा येते, 6-7 जूनच्या आणि 5-6 जुलैच्या आसपास. जुलैतली ढगांत जाण्याचीच शक्यता जास्त, त्यामुळे मृगाच्या तोंडावरची गाठावी. आणि 21 तारखेला नेमके आभाळ भरून आले तरी बिघडत नाही. अयनाच्या वेळी सूर्याची उत्तर-दक्षिण चाल इतकी मंदावते की 18 ते 24 जूनमध्ये कुठल्याही उघडीप असलेल्या दुपारी मोजमाप जवळपास तेच येते.