कुस्तीगिरांच्या हात-खांद्यांच्या अनॅरोबिक क्षमतेची मैदानी चाचणी

ऑक्सिजनच्या पुरवठ्यावर फारसे न विसंबता स्नायू काही सेकंदांपासून दीड-दोन मिनिटांपर्यंत जे जोरकस काम करतात, त्याच्या आवाक्याला अनॅरोबिक क्षमता म्हणतात. मॅटवरील लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये ३० सेकंद विश्रांती. दुसऱ्या फेरीत हात भरून येतात आणि पकड सुटू लागते. ग्रीको-रोमन या कुस्तीप्रकारात कमरेखाली पकडायला मनाई असल्याने हातांवरचा हा भार आणखी वाढतो.

प्रयोगशाळेत यासाठी हाताने फिरवायच्या यंत्रावर ३० सेकंद पूर्ण जोर लावायची विंगेट चाचणी घेतात. ती १९७० च्या दशकात इस्राएलच्या विंगेट संस्थेत विकसित झाली. तालमीत असे यंत्र नसते. दोर मात्र बहुतेक ठिकाणी असतो.

दोरचढाई : मल्ल दोराखाली पाय पसरून बसतो, एक हात वर ताणून दोर धरतो आणि पाय न लावता खुणेपर्यंत चढतो. घड्याळ बूड मॅटवरून उचलताच सुरू आणि हात खुणेला टेकताच बंद करायचे. खाली गादी हवीच. उतरताना घसरत आल्यास तळवे सोलतात आणि पुढचा प्रयत्न वाया जातो.

शक्ती काढण्यासाठी वजन (किलो), ९.८१ आणि चढाई (मीटर) यांच्या गुणाकाराला वेळेने (सेकंद) भागावे. नेहमी चूक होते ती चढाईच्या आकड्यात. खूण ५.४ मीटरवर आणि बसून हाताची पोहोच १.४ मीटर असेल, तर चढाई ४ मीटरच धरायची. ७४ किलोचा मल्ल ती ८ सेकंदांत चढला, तर सरासरी शक्ती सुमारे ३६३ वॅट येते. ३०-३० सेकंदांच्या विश्रांतीने तीन चढाया घेतल्या आणि तिसरीला १०.४ सेकंद लागले, तर शक्ती २७९ वॅटवर येते, म्हणजे घसरण २३ टक्के. पहिली चढाई स्फोटक ताकद दाखवते. लढतीच्या दृष्टीने घसरणीचा आकडा जास्त बोलका असतो. मात्र पहिल्या चढाईत हात राखून ठेवणाऱ्याची घसरण फसवी कमी दिसते. म्हणून एकेरी चढाईची सर्वोत्तम वेळ आधी वेगळ्या दिवशी घ्यावी. १२५ किलो गटातल्या अनेकांना ही चाचणी झेपतच नाही.

इतर चाचण्या : भिंतीला पाठ टेकून बसून मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) छातीपासून फेकणे जड मल्लांना सोयीचे. पण हा प्रयत्न क्षणभराचा, त्यातून दमसास कळत नाही. ३० सेकंदांत डमी (सरावासाठीचा भरीव पुतळा) किती वेळा फेकली हे मोजणे कुस्तीच्या जवळचे, तरी उचल कंबर आणि पायांची असते. तो आकडा फक्त हातांच्या नावावर मांडू नये. शिवाय जुन्या डमीतले भरण तळाशी बसले की पकड बदलते आणि मागच्या नोंदींशी तुलना करता येत नाही.

मिनिटाला किती जोर, हा तालमीतला जुना मापदंड. रोज शेकड्यांनी जोर मारणाऱ्याच्या बाबतीत त्यातून सरावाची लय आणि चिवटपणाच जास्त मोजला जातो. घाईत छाती खाली न नेता मारलेले अर्धे जोर मोजणाऱ्याने गाळले नाहीत, तर तेही कळत नाही.

वेळ : चाचणी ठरलेल्या प्रहरी, तोच दोर वापरून, आदल्या दिवशी कसून लढती न करता घ्यावी. वजन त्याच दिवशी करावे. स्पर्धेसाठी पाणी तोडून वजन उतरवलेल्या मल्लाला दोरावर कमी किलो ओढावे लागतात, त्यामुळे वेळ कधी सुधारलेलीही दिसते. वॅटचा हिशेब केला की खरी गोष्ट कळते.