पार्श्वभूमी : पाचव्या घटकाचे बारसे

मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद हे संप्रदाय वाचकांना ठाऊक आहेत. ते इथे बाजूला ठेवू. व्यक्तिमत्त्वाच्या संशोधनात आज ज्याचा सर्वाधिक दबदबा आहे, तो ‘बिग फाइव्ह’ म्हणजे स्वभावाचे पाच मुख्य घटक मानणारा सिद्धांत यांपैकी कुठूनच आलेला नाही. त्याचे मूळ शब्दकोशात आहे.

1936 मध्ये दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक जाडजूड इंग्रजी कोश पिंजून काढला आणि माणसाचे वर्णन करणारे 17,953 शब्द वेचले. त्यातले टिकाऊ स्वभावगुण जेमतेम साडेचार हजार. पुढच्या दशकात ते छाटत छाटत परस्परविरुद्ध गुणांच्या 35 जोड्यांवर आले. कोणते गुण एकत्र आढळतात याची आकडेमोड हातानेच करायची होती, त्याहून जास्त झेपलेच नसते. 1961 साली अमेरिकी हवाई दलाच्या दोन संशोधकांनी याच जोड्या घेऊन माणसांचे आठ गट तपासले, तेव्हा पुन्हापुन्हा पाचच घटक, म्हणजे एकत्र पडणाऱ्या गुणांचे गठ्ठे, वर आले. अहवाल मात्र दप्तरातच पडून राहिला. त्यातच 1968 च्या एका पुस्तकाने दाखवून दिले की चाचणी आणि प्रत्यक्ष वागणूक यांतला सहसंबंध (पूर्ण मेळ असेल तर 1) 0.30 च्या वर क्वचितच जातो. मग दहा-बारा वर्षे या विषयाला वाली उरला नाही.

बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य या चौघांवर फारसे भांडण नाही. घोळ पाचव्याचा. हवाई दलाने त्याचे नाव ‘संस्कृती’ ठेवले, कारण त्यात अभिरुची, कल्पकता, वागण्यातली नजाकत असे शब्द एकत्र पडले होते. 1980 च्या दशकात शब्दकोशवाल्यांनी, म्हणजे भाषेतल्या शब्दांवरून स्वभाव शोधणाऱ्यांनी, त्याला ‘बुद्धी’ म्हटले. बुद्ध्यंकाशी गल्लत होणार हे उघड दिसत असूनही. प्रश्नावलीवाले, म्हणजे विधानांवर उत्तरे घेऊन स्वभाव मोजणारे, वेगळ्याच वाटेने आले. 1970 च्या दशकात एका जुन्या 16 घटकांच्या चाचणीची फेरमांडणी करताना त्यांना ‘अनुभवांबाबत खुलेपणा’, म्हणजे कला, कल्पना, नवे अनुभव यांची ओढ, सापडला होता. त्यांची 1985 ची चाचणी आणि 1992 ची 240 विधानांची सुधारित आवृत्ती जगभर गेली, नावही तिच्याबरोबर गेले. हा निकाल पुराव्यापेक्षा खपाने लावला, असेच म्हणावे लागते.

मराठीत आणताना हे नाव आणखी अडते. ‘मोकळा माणूस’ म्हणजे आपल्याकडे मनात काही न ठेवता बोलणारा. तो चित्रप्रदर्शनाची पायरी चढेलच असे नाही. प्रश्नावलीत ‘मोकळेपणा’ लिहिला, की उत्तरे बहिर्मुखतेकडे घसरणार.

2004 मध्ये सात भाषांतल्या विशेषणांच्या अभ्यासातून प्रामाणिकपणा-नम्रता हा आणखी एक घटक पुढे आला. त्या सातांत भारतीय भाषा एकही नव्हती. आणि आपल्या पाचव्याला तिथे तिहेरी नाव मिळाले: बुद्धी, कल्पनाशक्ती, चाकोरीबाहेरपणा.