लाल टिक कधी नव्हतीच

"तीन टिक आल्या की सरकार मेसेज वाचतं, लाल आली की पोलीस घरी," हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. तो साफ खोटा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक करडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. तिसरी नाहीच. २०१६ पासून मेसेजला पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूप लागतं, ते समोरच्याच्या फोनमध्येच उघडतं.

खरा वाद वेगळाच आहे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार गंभीर गुन्ह्यात, आदेश आल्यावर, मेसेज मुळात कोणी पाठवला हे कंपनीने सांगायचं. त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यावर जरूर बोला. माझ्या आत्याने मात्र लाल टिकेच्या धास्तीने भिशीचा ग्रुपच सोडला होता. फार वाईट वाटलं. काल तिला परत घेतलं.