पार्श्वभूमी : नाटकातल्या क्लबच्या प्रवेशाला कोणतं जॅझ लावायचं?

राज्य नाट्य स्पर्धेच्या किंवा युवक महोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या कुठल्या ना कुठल्या संहितेत १९५० च्या दशकातल्या क्लबचा प्रवेश निघतोच. खलनायक सिगारेट पेटवतो, नर्तकी येते आणि संगीत सांभाळणाऱ्याला फर्मान सुटतं : काहीतरी जुनं, जॅझी, थोडं भडक लाव. इंटरनेटवर तसं शोधलं की बहुतेकदा अमेरिकेतलं १९२० च्या दशकातलं वाद्यसंगीत हाती लागतं, नाहीतर लिफ्टमध्ये वाजावं तसं गुळगुळीत सॅक्सोफोन. रंगमंचावर दोन्ही उपरी वाटतात. इथल्या प्रेक्षकाच्या कानात मुरलेलं जॅझ वेगळं आहे; ते मुंबईच्या हॉटेलांतून निघून हिंदी सिनेमामार्गे मराठवाड्यात पोचलं.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही तिथे बँड चालवले. त्यांच्यासोबत आणि त्यांचं ऐकून तयार झाले ते गोवेकर वादक. चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले असल्याने कागदावरचं काहीही ते पाहून वाजवत. पुढे गोरे सैनिक परतले, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतल्या बँडांची कमाई आटली. वादकांचा ओघ सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळला.

तिथे कामाची एक विभागणी बसली. संगीतकार पेटीवर चाल बांधी. अरेंजर ती स्वरलिपीत उतरवून व्हायोलिन, ब्रास, रिदम यांचे भाग लिही. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम करणारे सेबॅस्टियन डिसूझा फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते. संगीतकार सी. रामचंद्र मूळचे गोदाकाठच्या पुणतांब्याचे. त्यांच्याकडे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या आल्डोन्याचे अँटोनिओ झेवियर वाझ, असत. १९५१ च्या ‘अलबेला’त तर चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरच दिसतात. बाँगो, क्लॅरिनेट, तोंड दाबलेला ट्रम्पेट आणि त्यावर सरळ मराठमोळी वाटावी अशी चाल, हे मिश्रण इथेच पक्कं झालं. शुद्ध जॅझवाले त्याला नाकं मुरडतात. नाटकाला मात्र नेमकी हीच भेसळ हवी असते, कारण तिच्यातला खट्याळपणा मुद्दाम केलेला असतो आणि प्रेक्षकाला तो लगेच कळतो.

निजामी राजवटीतून १९४८ साली मोकळ्या झालेल्या मराठवाड्यात हे सूर प्रामुख्याने दोन वाटांनी आले : तंबूतला सिनेमा आणि रेडिओ. १९५२ पासून बा. वि. केसकरांच्या माहिती व नभोवाणी मंत्रिपदाच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळपास दार बंद झालं, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. विविध भारती सुरू झाली ती थेट ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. मधल्या काळात ही गाणी लघुलहरींवर खरखरत ऐकली गेली आणि लग्नाच्या बँडवाल्यांनी ती उचलली. वरातीतल्या क्लॅरिनेट-ट्रम्पेटचा आवाज आणि त्या गाण्यांचा आवाज इथल्या कानात एक झाला तो असा.

शोधताना म्हणून ‘जॅझ’ या शब्दावर अडून राहू नये. फॉक्सट्रॉट, रुंबा, माम्बो, कॅबरे, क्लब साँग असं शोधलं तर जास्त सापडतं. संवादाखाली शब्दांचं गाणं लावलं की नटाचे आणि गायिकेचे शब्द एकमेकांवर आदळतात. त्यासाठी सिनेगीतांच्या वाद्यआवृत्त्या बघाव्यात : व्हॅन शिपली यांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार, इनॉक डॅनियल्स यांचं ॲकॉर्डियन. लाडिक भडकपणात यांना तोड नाही. शंकर-जयकिशन यांची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडीही कामाची आहे. तिच्यात रईस खान यांची सतार आणि सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांच्यावर अकरा राग आहेत. पण ती जरा रुबाबदार आहे, विनोदी प्रवेशाला जड जाते.

हक्कांच्या बाबतीत मात्र बहुतेकांची गफलत होते. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६५ साली निघालेलं ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२६ पासून मोकळं. पण चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. सी. रामचंद्र १९८२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०४२ अखेरपर्यंत बांधलेल्या आहेत, ओ. पी. नय्यर २००७ साली गेले, तिथे २०६७. गीतकाराचा हिशेब पुन्हा वेगळा. हौशी संस्थेने पैसे न घेता रचना सादर केली तर कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावलं की सहसा ती संपते, आणि प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकणं तिच्यात बसत नाही. तबकडी १९५१ ची असली तरी यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखून दावा लावते, तो यामुळेच.

जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या वाड्यांच्या माळ्यावर किंवा भंगारात अजून मिळतात. सिनेगीतांच्या एचएमव्ही तबकडीवर बहुधा ‘एन’ने, कोलंबियावर ‘जीई’ने सुरू होणारा क्रमांक असतो. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते. शुद्ध पाण्यात साबणाचे दोन थेंब पुरे. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते, ७८ ला सुमारे ७६ मायक्रॉनची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि मळच ऐकू येतो. वेगही तपासावा : ७८ म्हणून विकलेला टर्नटेबल पुष्कळदा थोडा पुढेमागे फिरतो आणि सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो. संगणकात घेतल्यावर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करावं. खाचेच्या उभ्या हालचालीतला पुष्कळसा आवाज तिथेच जातो. मग आधी टिकटिक काढायची, खरखर नंतर आणि तीही थोडीच. हात सैल सुटला की ट्रम्पेट पाण्याखाली वाजल्यासारखा डुचमळतो.

हक्कांची कटकटच नको असेल तर नवी चाल बांधून गावातल्या बँडकडून वाजवून घेणं उत्तम. त्यांचे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी फ्लॅटचे असतात. म्हणून पेटीची काळी पाच ही पट्टी त्यांना सगळ्यांत सोपी, पांढरी चारही चालते. पांढरी तीन दिली तर बोटं अडतात आणि सूर घसरतात. लय मिनिटाला १४० ते १६० ठोके. ठोक्याचे दोन समान भाग करायचे नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. ढोलकीवाल्याला दादऱ्याच्या प्रत्येक तीन मात्रांतली मधली गाळायला सांगितलं की हा झोका लगेच हाताला येतो. ट्रम्पेटला ‘वा-वा’ आवाज हवा असेल तर बेसिन मोकळं करायचा छोटा रबरी पंप, दांडी काढून, तोंडाशी उघडझाप करावा. संडासचा मोठा चालत नाही, सूरच कोंडतो.

माईक एकच ठेवावा : क्लॅरिनेट हाताच्या अंतरावर, ट्रम्पेट तीन-चार मीटर मागे, ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश. नंतर १५० हर्ट्झच्या खालचं आणि ५००० च्या वरचं कापलं की काळ आपोआप मागे जातो. वरून नकली खरखर टाकायचा मोह टाळावा. नाट्यगृहाच्या भोंग्यांतून ती भजी तळल्यासारखी ऐकू येते आणि पहिल्या रांगेला वाटतं वायर सुटली. वादकांची वेळ आषाढात धरावी. लग्नं नसतात, गणपतीची धावपळ अजून लांब असते आणि दरही उन्हाळ्यापेक्षा बरे पडतात.