‘रेड फ्लॅग’ म्हणजे आग लागल्याची वर्दी नव्हे

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने ‘रेड फ्लॅग’ इशारा दिला म्हणजे कुठेतरी वणवा पेटला आहे, हा समज चुकीचा आहे. कोरडी हवा, जोराचा वारा आणि वाळलेली झुडपे एकत्र आल्याने ठिणगी पडताच आग झपाट्याने पसरेल, एवढेच तो सांगतो. लॉस एंजेलिसमधील पॅलिसेड्स वणवा ७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी पेटला, त्याआधीच असा इशारा, तोही अतिधोक्याच्या शब्दांत, दिला गेला होता. त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटमध्ये मांडलेले ‘फायर रेडी नेशन’ विधेयक अशा धोकादायक हवामानाच्या अंदाजाची अचूकता आणि यंत्रणांमधील समन्वय यांवर भर देते. वणव्याजवळच्या अग्निशमन तळावर राहून वारा कधी फिरेल हे अग्निशामकांना सांगणाऱ्या हवामानतज्ज्ञांचाही त्यात विचार आहे, आणि मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.