‘नॉट ऑफन’ की ‘ऑफन नॉट’: फाटकाला कुलूप किती रात्री लागतं?

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीची सूचना असो की नेरुळच्या कमिटीने सिक्युरिटी एजन्सीला पाठवलेलं पत्र, इंग्रजीतला हा घोळ काही सुटत नाही. मागचं फाटक बरेचदा उघडं राहतं एवढीच तक्रार असते आणि कागदावर उमटतं, ‘द बॅक गेट इज नॉट ऑफन लॉक्ड.’ म्हणायचं असतं ‘ऑफन नॉट लॉक्ड’. दोन शब्दांची जागा बदलली की वॉचमनवरचा आरोप कितीतरी मोठा होतो.

कर्मणी प्रयोग शाळेत घोटून झालेला आहे, तो इथे पुन्हा उगाळत नाही. अडतं ते ‘नॉट’च्या जागेपाशी.

एप्रिलच्या ३० रात्री घ्या. २० रात्री कुलूप लागलं, १० रात्री राहून गेलं. ‘ऑफन नॉट लॉक्ड’ हे खरं, कारण दहा वेळा राहणं म्हणजे बरेचदाच. ‘नॉट ऑफन लॉक्ड’ मात्र साफ खोटं. त्याचा अर्थ कुलूप क्वचितच लागतं, म्हणजे ३० पैकी तीनचार रात्री. ‘नॉट’ आपल्या पुढे येणाऱ्याला नाकारतो. ‘नॉट ऑफन’मध्ये नाकारला जातो तो ‘बरेचदा’. ‘ऑफन नॉट’मध्ये नाकारलं जातं कुलूप लावणं, आणि ते न लावणं बरेचदा घडतं.

मराठीत हा फरक आपण न चुकता करतो, फक्त वेगळ्या शब्दांनी. ‘कुलूप फारसं लावलं जात नाही’ म्हणजे ‘नॉट ऑफन’. ‘कुलूप बरेचदा लावलं जात नाही’ म्हणजे ‘ऑफन नॉट’. आपला ‘नाही’ दोन्हीकडे शेवटीच बसतो, त्यामुळे इंग्रजीत त्याला कुठेही बसवलं तरी चालेल असं वाटतं. लिहिण्याआधी मनात ‘फारसं’ येतंय की ‘बरेचदा’, एवढं तपासलं तरी पुरे.

कर्मणीत ही चूक जास्त होते त्यालाही कारण आहे. कर्तरीत ‘डझन्ट ऑफन लॉक’ आणि ‘ऑफन डझन्ट लॉक’ ही रूपं दिसायलाच वेगळी असतात. कर्मणीत ‘इज’ आणि ‘लॉक्ड’ यांच्या मधल्या एकाच फटीत दोन्ही शब्द शिरतात, म्हणून डोळ्याला उलटसुलट कळत नाही. ‘इझन्ट’ वापरलं तर गोष्ट उघड होते: ‘इझन्ट ऑफन लॉक्ड’ म्हणजे क्वचितच, ‘ऑफन इझन्ट लॉक्ड’ म्हणजे बरेचदा नाही. शंका आली की हे जोडरूप करून बघावं.

‘ऑलवेज’चा त्रास आणखी वेगळा. ‘टाकी नेहमी धुतली जात नाही’ या मराठी वाक्याचेच दोन अर्थ निघतात. दरवेळी धुतली जातेच असं नाही, हे म्हणायचं असेल तर ‘नॉट ऑलवेज क्लीन्ड’. कधीच धुतली जात नाही, हे म्हणायचं असेल तर ‘नेव्हर क्लीन्ड’. ‘ऑलवेज नॉट क्लीन्ड’ हा शब्दशः उलथा आहे. अर्थ ‘नेव्हर’चाच लागतो, पण इंग्रजी कानाला खडा लागतो. तो टाकाच.

बाकीचं किरकोळ. ‘युज्वली नॉट’ आणि ‘नॉट युज्वली’ यांत व्यवहारात फरक नाही. ‘समटाइम्स’ नेहमी ‘नॉट’च्या आधी. ‘रेअरली’, ‘सेल्डम’, ‘नेव्हर’ यांच्या पोटातच नकार असतो. मराठीत ‘कधीच’ला ‘नाही’ लागतोच, म्हणून ‘इज नेव्हर नॉट क्लीन्ड’ लिहिलं जातं आणि अर्थ होतो टाकी न चुकता धुतली जाते. तक्रारीचं प्रशस्तिपत्र होतं! सहायक क्रियापदं दोन असली तर नकार आणि क्रियाविशेषण दोन्ही पहिल्याच्या मागोमाग: ‘हॅज नॉट ऑलवेज बीन क्लीन्ड’. ‘हॅज बीन नॉट ऑलवेज’ नको.

तक्रारीच्या पत्रात तर ‘नॉट’ काढून नकार शब्दातच घालणं सर्वांत उत्तम. ‘इज ऑफन लेफ्ट अनलॉक्ड’ याचा दुसरा अर्थ काढताच येत नाही. आणि रात्री मोजलेल्या असतील तर ‘ऑफन’ही नको: ‘वॉज लेफ्ट अनलॉक्ड ऑन टेन नाइट्स इन एप्रिल.’