उपसा किती करायचा हे आजवर विजेनं ठरवलं: माण-खटाव, आटपाडी, जतच्या भूजलाची पार्श्वभूमी

सध्या आमच्या सातारा-सांगलीकडं सोलर पंपाची चर्चा जोरात आहे आणि ते चांगलंच आहे, रात्री दोनला बॅटरी घेऊन साप-विंचवातून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जो गेलाय त्याला दिवसाची लाईट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात जमिनीतलं पाणी कसं संपत गेलं हे समजून घ्यायचं तर पावसाच्या आधी उपशाचा इतिहास बघायला पाहिजे, कारण पाऊस इथं पहिल्यापासूनच कमी. महाबळेश्वरला 5,000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये 500 च्या आसपास, तोही पडला तर. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतर म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव झाला तो याचसाठी.

त्यात खाली सगळा काळा पाषाण. वर थोडी माती, मग मुरूम, मग पाषाण, पाणी साठणार ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे एकूण साठाच थोडा. म्हणून एका बांधाला दोन विहिरी असतात, एकीला दोन परूस (दोन माणसं बुडतील एवढं) पाणी आणि दुसरी ठणठणीत कोरडी.

मोट होती तेव्हा बैल दमले की उपसा थांबायचा आणि रात्रीत विहीर परत भरायची. मग इंजिन आलं. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 चा, आपल्याच सांगली जिल्ह्यातला, त्यामुळं पंप इथं नवलाईचा राहिला नाही. पण इंजिनाला डिझेल विकत आणायला लागायचं, म्हणून माणूस गरजेपुरतंच चालवायचा. खरा बदल झाला तो विजेच्या मोटारीनं, आणि 1972 च्या दुष्काळानंतर. तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी बोअर मारायची मशिनं आली, पुढं तमिळनाडूच्या गाड्या वावरात येऊन शेतीसाठी बोअर पाडायला लागल्या, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेतीचं बिल युनिटऐवजी हॉर्सपॉवरवर आलं. मोटार दोन तास चालवा नाहीतर दहा तास, पैसे तेवढेच.

लाईट कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो, म्हणजे मोटार आपोआप चालू करणारा स्विच, बसवला. लाईट आली की अख्ख्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू, व्होल्टेज पडतं, वायंडिंग जळतं, एखाद्या दिवशी डीपीच (ट्रान्सफॉर्मर) उडतो, मग पाचच्या जागी साडेसात एचपीची मोटार टाकायची, आणि पिकाला पाणी पाहिजे का नको हे बघायला वावरात कोणीच नसतं. माझ्या मते भूजलाचं सगळ्यात जास्त नुकसान या ऑटोनं केलं, पण त्यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, आठ तासांची लाईट, ती पण पाळीपाळीनं रात्रीची, माणसानं करायचं काय. त्यातच तासगावला द्राक्षं, आटपाडीला डाळिंब, जिथं पाणी दिसलं तिथं ऊस, आणि बाग वाचवायला उन्हाळ्यात टँकर.

दुसरी बाजू मोठ्या पाण्याची. कोयनेचं 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज करायला पश्चिमेला कोकणात जातं, आणि इकडं ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना कृष्णेचं पाणी वीज जाळूनच टप्प्याटप्प्यानं वर पूर्वेला चढवतात. बिल इतकं मोठं की 81 टक्के सरकार आणि 19 टक्के शेतकरी अशी वाटणी करावी लागली. हे पाणीसुद्धा फुकट आलेलं नाही, 1993 पासून वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या, तेरा दुष्काळी तालुके एकत्र केले, तेव्हा कुठं हालचाल झाली. तरी 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि याच जिल्ह्यातला जत टँकरवर होता.

त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, खानापूर तालुक्यात बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला, आणि पाणी जमिनीच्या एकरावर न देता घरटी सारखं द्यायचं ठरवलं, भूमिहीनालासुद्धा. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. पुढं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, 2016 ला कोरेगावच्या वेळूनं आणि 2018 ला माणच्या टाकेवाडीनं पहिला नंबर काढला, पाणी मुरवायचं कसं हे त्या गावांनी दाखवून दिलं, पण मुरवलेलं पाणी वाटायचं कसं हे फार थोड्या गावांनी ठरवलंय.

भूजलाचा 2009 चा कायदा 2014 पासून लागू आहे आणि त्यात 60 मीटरच्या खाली शेतीसाठी बोअर मारायला बंदी आहे, तरी शिवारात त्याच्या कितीतरी खाली बोअर चाललेत. आता 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत झाली, वर सोलर. म्हणजे बैल दमणं, डिझेलचा खर्च, रात्रीची लाईट, उपसा थांबवणारी एकेक गोष्ट गेली. अटल भूजल या केंद्राच्या योजनेत गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढला, तूट किती ते कळलं, पण ती कोणाच्या उसातनं आणि कोणाच्या बागेतनं कमी करायची हे सोलरचं पॅनेल बसायच्या आधीच ग्रामसभेत बसून ठरवायला लागणार आहे, आणि पंप मंजूर करताना ही अट घालायला कुणाची हरकत नसावी.